पट्ट्याचा ताण : किर्लोस्करवाडी ते मोहाली

संपादक मंडळाचा आग्रह असा होता की, या वर्षी प्रत्येकाने आपल्या कामाधंद्याशी संबंधित, पण सगळ्यांना वाचता येईल असे काहीतरी लिहावे. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. आमच्या कामात नट, बोल्ट, ग्रीस आणि रजिस्टर यांशिवाय दुसरे काही नसते, असा घरच्यांचा समज आहे, आणि तो फारसा चुकीचाही नाही. तरीही एक साधी वस्तू अशी आहे की जिच्या इतिहासात महाराष्ट्र आहे, पंजाब आहे, रेल्वे आहे आणि शेतकरीही आहे. ती वस्तू म्हणजे यंत्राचा पट्टा. मराठीत पट्टा, पंजाबीत पटा. शब्दसुद्धा जवळजवळ एकच.

ट्रॅक्टरच्या इंजिनावर पुढच्या बाजूला पंख्याजवळ जो काळा रबरी पट्टा फिरताना दिसतो, त्याला सगळेजण फॅन बेल्ट म्हणतात. तो किती ताणलेला असावा, हे अंगठ्याने दाबून बघतात. हे काम दोन मिनिटांचे आहे. पण या दोन मिनिटांच्या मागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवाची किंमत अनेकांनी आपल्या हातांनी मोजलेली आहे. म्हणून हा लेख.

चामड्याचे दिवस

आज प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर असते. एकोणिसाव्या शतकात तसे नव्हते. कारखान्यात एकच वाफेचे इंजिन असे. ते छताखालून जाणारा एक लांबलचक शाफ्ट फिरवी. या शाफ्टवर ओळीने पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून खालच्या यंत्राकडे उतरणारा चामड्याचा रुंद पट्टा. रेल्वेची जुनी वर्कशॉप्स, म्हणजे १८६२ साली सुरू झालेले बिहारमधले जमालपूर किंवा मुंबईचे परळ, याच पद्धतीवर चालली. लेथ, ड्रिल, प्लेनर सगळे पट्ट्यावर. यंत्र उलटे फिरवायचे असेल तर पट्टा आठच्या आकड्यासारखा तिढा देऊन चढवायचा. यंत्र थांबवायचे असेल तर लाकडी काट्याने पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा.

त्या काळच्या कारागिरांनी एक गमतीची गोष्ट हेरली होती. पुलीचा मधला भाग किंचित फुगीर ठेवला तर पट्टा घसरून खाली पडण्याऐवजी उलट त्या उंचवट्याकडे चढतो आणि मध्येच राहतो. कुठल्याही पुस्तकाशिवाय पाहता येणारी ही गोष्ट आजही पिठाच्या गिरणीत दिसते.

पण चामडे म्हणजे शेवटी कातडेच. पावसाळ्यात ते सैल पडे, कोरड्या हवेत आखडे, दिवसभराच्या ओढीने लांबे. मग कामगार काय करीत? पट्टा सैल झाला, घसरू लागला की दुपारच्या सुट्टीत त्याचा एखादा तुकडा कापून पुन्हा वादीने शिवत, किंवा घाई असली तर राळ चोळत. किती ताणायचा हे ज्याचा त्याचा हात ठरवी. अमेरिकेतले फ्रेडरिक टेलर, ज्यांचे नाव पुढे कामाच्या शास्त्रीय व्यवस्थापनाशी जोडले गेले, त्यांनी या साध्या विषयावर नऊ वर्षे नोंदी ठेवल्या आणि १८९३-९४ च्या सुमारास त्यांचा निबंध अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे आला. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, पट्ट्याचा ताण हाताच्या अंदाजावर सोडू नये, स्प्रिंगच्या काट्याने मोजावा, ठराविक काळाने तपासावा आणि लिहून ठेवावा. आज आम्ही शेड्यूल म्हणून जे करतो त्याचे मूळ अशा ठिकाणी सापडते.

१८९३ म्हटल्यावर आपल्या सर्वांना दुसरीच गोष्ट आठवेल. त्याच साली लोकमान्य टिळकांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण लोकमान्यांचा 'स्वराज्य' हा शब्द पुढे या लेखात एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर भेटणार आहे, म्हणून साल लक्षात ठेवावे.

ताण कशासाठी?

इथे थोडे गणित सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घाबरू नये, बेरीज-वजाबाकीइतकेच आहे.

पट्टा चालताना त्याची एक बाजू घट्ट असते आणि एक सैल. पट्टा जी ताकद पोहोचवतो ती या दोन बाजूंच्या ताणांमधल्या फरकामुळे. फरक जितका जास्त तितके काम जास्त. पण हा फरक हवा तितका वाढवता येत नाही, कारण एका मर्यादेनंतर पट्टा पुलीवर घसरतो. ही मर्यादा किती, याचे सूत्र अठराव्या शतकात ऑयलर यांनी मांडले आणि १८०८ मध्ये आयटेलवाइन यांनी इंजिनियरांच्या उपयोगाचे केले. सपाट पट्टा पुलीला अर्धा वळसा घालत असेल आणि घर्षणांक ०.३ धरला, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या फार तर अडीच पट होऊ शकतो. त्यापुढे घसरण.

आता सैल बाजूला ताणच नसेल तर? शून्याची अडीच पट शून्यच. म्हणून सैल बाजूलासुद्धा काही ताण आधीपासून द्यावा लागतो. पट्टा 'आधीच ताणून ठेवायचा' तो यासाठी. घरातली सतारीची तार आणि इंजिनावरचा पट्टा यांत हे साम्य आहे. तार ढिली असेल तर कितीही छेडा, सूर येणार नाही.

१९१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर आणि दोऱ्याचा, पाचरीच्या आकाराचा पट्टा आणला. तोच आपला व्ही-बेल्ट. हा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. तो खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींना आवळतो. त्यामुळे त्याची पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. हीच तिप्पट पकड वरच्या सूत्रात घातली की अडीच पटीची मर्यादा कागदावर सुमारे १७ पटीवर जाते. म्हणजे कमी रुंदीचा, कमी ताणलेला पट्टा तेच काम करू लागला. मोटारगाडी, ट्रॅक्टर आणि कॉम्प्रेसर यांच्या अडचणीच्या जागेत पट्टा मावला तो या शोधामुळे. आणि यातच एक धडा आहे. पट्टा झिजून खाचेच्या तळाला टेकू लागला की त्याची पाचर संपली. मग तो कितीही ताणा, व्हायचे ते नुकसानच.

कुंडलच्या माळावर

आता महाराष्ट्राकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली, आणि बेळगावला सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या धंद्यात लक्ष घातले. तिथे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला, भांडवलालाही हात दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि दगडांच्या त्या माळाला एकच गोष्ट अनुकूल होती, ती म्हणजे जवळून जाणारी रेल्वे. पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी हे स्टेशन आजही आहे. रेल्वेवाला म्हणून मला याचा जरा जास्तच अभिमान वाटतो.

१९१० साली लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. स्वदेशीची चळवळ चालू होती. पण स्वदेशी म्हणजे सभेत विलायती कापड जाळणे एवढेच नव्हते. पाच-पन्नास माणसांनी माळावर भट्टी पेटवून नांगराचा फाळ ओतणे, हाही त्याचाच भाग होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. डिझेल इंजिन आता शेताच्या बांधावर पोहोचू लागले. महाराष्ट्रात ते विहिरीवर बसले, उसाच्या गुऱ्हाळावर बसले. आणि उत्तरेकडे पंजाबात?

पंजाबचा पटा

इकडे येणाऱ्या नव्या मराठी माणसाला पंजाबची शेती म्हणजे ट्रॅक्टर असे वाटते. पण ट्रॅक्टरच्या आधी पंजाबात पोहोचला तो पटा. १९६६ नंतर गव्हाच्या नव्या बुटक्या जाती आल्या, त्यांना वेळेवर पाणी हवे. शेताशेतात ट्यूबवेल झाले. सेंट्रिफ्यूगल पंप पाणी फार खोलून ओढू शकत नाही. म्हणून पाण्याची पातळी खाली गेली की पंप खड्ड्यात उतरवायचा आणि इंजिन वर काठावर ठेवायचे. इंजिनाच्या पुलीवरून खाली खड्ड्यातल्या पंपाकडे तिरपा जाणारा लांब सपाट पटा, हे चित्र पंजाबच्या गावांनी वर्षानुवर्षे पाहिले. 'पीटर इंजन' हा शब्द इथल्या जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून ऐकायला मिळतो. पातळी आणखी खाली गेल्यावर सबमर्सिबल पंप आले आणि हे पटे गेले. पटा गेला म्हणून कोणी हळहळले नाही, पण पाणी किती खाली गेले याची ती खूण होती.

दुसरा पटा मळणीचा. पीक दुप्पट-तिप्पट झाल्यावर बैलांच्या पायांखाली मळणी पुरी होईना. लुधियाना आणि आसपासच्या कारखान्यांनी थ्रेशर बनवले. ट्रॅक्टरची किंवा डिझेल इंजिनाची पुली आणि थ्रेशर यांच्यामध्ये वीस-पंचवीस फुटांचा उघडा पटा. एप्रिलचा शेवट, पाऊस येण्याची धास्ती, दिवसरात्र चालणारे काम, झोपेने जड झालेले डोळे, पायघोळ कपडे, बायकांच्या ओढण्या. गव्हाच्या पेंढ्या हाताने आत ढकलायच्या. यातून अपघात व्हायचे ते झालेच. कोणाचा पंजा, कोणाचा कोपरापर्यंत हात, कोणाचा पाय. यात पुष्कळसे मजूर बाहेरून पोटासाठी आलेले होते.

इथे कायद्याचा इतिहास बघण्यासारखा आहे. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. धोकादायक यंत्राला कुंपण घालावे ही कल्पना त्यात आली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तर पट्ट्याबद्दल अगदी बारकाईने लिहिले होते. चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी, तेल घालणे किंवा पट्टा हाताळणे हे काम खास शिकवलेल्या प्रौढ कामगारानेच करावे, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, ते मालकाने द्यावेत, पंधरा सेंटिमीटरपेक्षा रुंद पट्ट्याला चालत्या पुलीवर हात लावू नये. हे सगळे कलम बावीसमध्ये होते. पण हा कायदा कारखान्यापुरता. शेत म्हणजे कारखाना नव्हे. तोच पट्टा, तीच पुली, तोच माणूस. पण शेतात त्याला वाली नाही.

ही उणीव भरायला १९८३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला, तो मुख्यतः थ्रेशरच्या अपघातांमुळे. यंत्र बनवणारा आणि विकणारा यांच्यावर जबाबदारी आली, जखमी माणसाला भरपाईची तरतूद झाली. थ्रेशरच्या तोंडाशी लांब आणि वरून झाकलेला गाळा हवा, म्हणजे हात आतल्या ड्रमपर्यंत पोहोचणारच नाही, असे मानकही त्याआधी ठरलेले होते. गाळ्याची किमान लांबी नव्वद सेंटिमीटर. ही लांबी काढायला फार मोठी विद्या लागत नाही. माणसाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत जितका लांब, त्यापेक्षा गाळा लांब ठेवायचा, एवढेच. हे एवढेसे शहाणपण कागदावर यायला किती हात गेले, याचा हिशेब कुठल्याही रजिस्टरात नाही.

डब्याखालचा पट्टा

आता थोडे माझ्या घरचे. रेल्वेच्या डब्यात दिवे कसे लागतात, हा प्रश्न प्रवाशांना पडत नाही, आणि पडू नये अशीच आमची इच्छा असते. जुन्या पद्धतीच्या डब्यात चाकाच्या आसावर एक पुली असते आणि तिच्यावरून पट्टे डब्याखाली टांगलेल्या डायनॅमोकडे, किंवा हल्लीच्या काळात अल्टरनेटरकडे जातात. गाडी धावली की वीज तयार होते, बॅटरी भरते.

या बाबतीत १८९०च्या दशकात इंग्लंडच्या जे. स्टोन कंपनीने जी युक्ती केली ती मला अजूनही थक्क करते. गाडीचा वेग सतत बदलतो, मग विजेचा दाब स्थिर कसा ठेवायचा? त्यांनी डायनॅमो एका बाजूने असा टांगला की त्याच्या वजनानेच पट्ट्यावर ताण येई, आणि तो ताण स्क्रूने कमी-जास्त करता येई. गाडीने ठराविक वेग ओलांडला की पट्टा मुद्दाम घसरे आणि डायनॅमोचा वेग तिथेच राही. इतर सगळ्यांनी घसरणीला शत्रू मानले, यांनी तिला नोकरीला ठेवले. ताण नेमका ठेवला तर घसरणही कामाची ठरते.

पुढे व्ही-बेल्ट आले. एसी डब्याच्या मोठ्या अल्टरनेटरला दोन्ही बाजूंनी सहा-सहा असे बारा पट्टे. यातली खुबी अशी की एका संचातले सगळे पट्टे एकाच ग्रेडचे, म्हणजे लांबीत एकसारखे असावे लागतात. पट्ट्यावर तो आकडा छापलेला असतो. एक पट्टा जरा आखूड निघाला तर सगळा भार तो एकटा घेतो आणि आधी तुटतो, मग दुसरा, मग तिसरा. म्हणून एक तुटला तरी अख्खा संच बदलायचा. एकत्र कुटुंबातही एकच जण सगळा भार ओढत असेल तर काय होते, हे आपण जाणतोच. आता एलएचबी डबे आले. त्यांना वीज इंजिनाकडून किंवा पॉवर कारमधून मिळते. जुन्या आयसीएफ डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. डब्याखालचा पट्टाही हळूहळू निवृत्तीला लागला आहे.

दुर्गापूरहून मोहालीला

चंदीगडहून मोहालीकडे जाताना स्वराज ट्रॅक्टरचा कारखाना माहीत नाही असा माणूस विरळा. पण त्याच्या जन्मकथेत रेल्वे आणि महाराष्ट्र या दोघांचाही वाटा आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

१९६५ च्या सुमारास पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत एक काम सुरू झाले. परदेशी परवाना न घेता, आपल्या शेतकऱ्याला पेलेल असा वीस अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर आपणच आखायचा. संस्थेचे संचालक होते मनमोहन सुरी. ते मूळचे रेल्वेचे यांत्रिक अभियंते. डिझेल लोकोसाठी त्यांनी शोधलेले सुरी ट्रान्समिशन प्रसिद्ध आहे, १९६२ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले होते. ट्रॅक्टरच्या कामाचे नेतृत्व चंद्रमोहन यांच्याकडे होते, तेही रेल्वेतूनच आलेले.

इंजिन कोणाचे घ्यायचे? ते किर्लोस्करांचे घेतले गेले. नवीन ट्रॅक्टर आखायचा तर प्रत्येक वस्तू नवीन करण्याचा हट्ट धरायचा नाही, देशात जे चांगले आणि भरवशाचे मिळते ते वापरायचे, ही व्यवहारी दृष्टी त्यामागे होती. कुंडलच्या माळावर पेटलेल्या भट्टीचा वारसा असा उत्तरेत पोहोचला.

पण नुसत्या आराखड्याने ट्रॅक्टर होत नाही. केंद्र सरकारचा कल परदेशी सहकार्याकडे होता. आपल्या शेजारच्या पिंजोरला एचएमटीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरबरोबर करार करून १९७१ मध्ये ट्रॅक्टर सुरू केला. देशी आराखडा कपाटात राहण्याची वेळ आली होती. तेव्हा पंजाब सरकारने तो उचलला. १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेडची स्थापना झाली, दुर्गापूरची मंडळी इकडे आली, आणि १९७४ साली मोहालीला वर्षाला पाच हजार ट्रॅक्टरांच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला. खर्च सुमारे ३ कोटी ७० लाख रुपये. पहिला ट्रॅक्टर स्वराज ७२४, साडेसव्वीस अश्वशक्तीचा. पाठोपाठ ७३५ आला, १९८३ मध्ये ८५५. नावात लोकमान्यांचा शब्द आणि बॉनेटखाली पुण्याचे इंजिन.

पुढे १९८५ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स आणि किर्लोस्कर ऑईल इंजिन्स यांनी मिळून स्वराज इंजिन्स ही कंपनी काढली, आणि इंजिने इथेच मोहालीत होऊ लागली. २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्रांकडे गेली, २००९ मध्ये त्यांच्यात विलीन झाली, आणि २०२२ मध्ये स्वराज इंजिन्समधला किर्लोस्कर समूहाचा हिस्साही महिंद्रांनी घेतला. पिंजोरचा एचएमटी ट्रॅक्टर मात्र राहिला नाही. २०१६ मध्ये सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्याच्या पाठीशी केंद्र सरकार आणि परदेशी तंत्रज्ञान होते तो गेला, आणि जो कपाटात पडणार होता तो टिकला. यामागे कारणे अनेक असतील. पण ज्यांनी आराखडा केला तेच कारखान्यात येऊन उभे राहिले, हे त्यातले एक मोठे कारण आहे असे मला वाटते. स्वतः आखलेल्या वस्तूत काय बिघडते आणि ते कसे सुधारायचे, हे दुसऱ्याला पत्र लिहून विचारावे लागत नाही.

अंगठा आणि दहा किलो

आता मूळ विषय. डिझेलमध्ये जी उष्णता असते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश धुरातून जाते आणि उरलेली इंजिनाला तापवते. ही तापवणारी उष्णता बाहेर काढण्याचे काम पाण्याचा पंप आणि पंखा करतात, आणि त्या दोघांना फिरवतो तो हा एक पट्टा. बॅटरी भरणारा अल्टरनेटरही त्याच्यावरच. म्हणजे क्रँकशाफ्टची पुली, पंख्याची पुली आणि अल्टरनेटरची पुली असा त्रिकोण. पट्टा सैल पडला तर काय होते? सुरुवातीला चीं-चीं आवाज, चार्जिंगचा दिवा मधूनच लागतो, मग तापमानाचा काटा वर. एप्रिलच्या उन्हात, भुशाने अर्धे भरलेल्या रेडिएटरसकट, ऐन कापणीत इंजिन तापून हेड गॅस्केट गेले, तर शेतकऱ्याचे दोन-चार दिवस जातात आणि कर्जाच्या हप्त्याचे पैसे दुरुस्तीत जातात. पट्ट्याची किंमत त्यापुढे काहीच नाही.

तपासणीची रीत अशी. इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, इंजिन थंड होऊ द्यावे. आधी पट्टा नीट पाहावा. आतल्या बाजूला भेगा, सुटलेले दोरे, काचेसारखी चकाकी, तेलाचे डाग यांपैकी काही दिसले तर ताण बघण्यात अर्थ नाही, पट्टाच बदलावा. तेल हे रबराचे विष आहे, तेव्हा ते कुठून गळते तेही शोधावे. मग पुल्या एका रेषेत आहेत का हे पट्टीने पाहावे. नंतर पंख्याची पुली आणि अल्टरनेटरची पुली यांच्यामधल्या लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. बहुतेक ट्रॅक्टरच्या पुस्तकात दहा किलोच्या आसपास दाबाला दहा ते पंधरा मिलिमीटर लवणे योग्य मानतात. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'अर्धा इंच लवला पाहिजे' असे सगळेच सांगतात, पण किती दाबाने, हे सांगत नाहीत. पैलवानाच्या अंगठ्याने प्रत्येक पट्टा सैल आणि शाळकरी मुलाच्या अंगठ्याने प्रत्येक पट्टा घट्ट. यावर उपाय सोपा आहे. घरातल्या वजनकाट्यावर अंगठा दाबून दहा किलो म्हणजे किती, हे दोन-चार वेळा अनुभवावे. अंगठ्याला एकदा ते वजन कळले की तो सहसा विसरत नाही. टेलर यांनी स्प्रिंगच्या काट्याने जे साधले, त्याची ही घरगुती आवृत्ती समजावी.

ताण कमी असेल तर अल्टरनेटरचा खालचा बिजागरीचा बोल्ट आणि वरच्या खाचेच्या पट्टीचा बोल्ट सैल करावा, लाकडी दांडा किंवा पहार पुलीकडच्या मजबूत भागाला टेकवून अल्टरनेटर हलकेच बाहेर दाबावा, आणि आधी वरचा, मग खालचा बोल्ट आवळावा. मागच्या नाजूक भागावर पहार लावू नये. मग पुन्हा अंगठा. नवीन पट्टा घातला असेल तर तो खाचेत बसेपर्यंत थोडा सैलावतोच, म्हणून काही तास चालवून पुन्हा तपासावा.

जास्त ताणण्याचा मोह टाळावा. पुष्कळ जणांना वाटते, घट्ट म्हणजे चांगले. तसे नाही. जास्त ताणलेला पट्टा आवाज करत नाही, म्हणून चालकाला बरे वाटते. पण तो रात्रंदिवस पाण्याच्या पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग एका बाजूला ओढत राहतो, आणि काही महिन्यांनी बेअरिंग जाते. सैल पट्टा ओरडून सांगतो, घट्ट पट्टा गुपचूप खातो.

आणि सर्वात महत्त्वाचे. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात, उपरणे, ओढणी, सैल बाही काहीही नेऊ नये. पट्टा आणि पुली जिथे भेटतात ती जागा बोट ओढून घेते, आणि माणसाला हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. जाळी काढून ठेवलेली असेल तर काम संपल्यावर ती परत लावावी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रॅक्टर नसेल, पण सोसायटीचा जनरेटर, पिठाची गिरणी, टाकीचा कॉम्प्रेसर असतोच. गणपतीच्या मंडपामागे जो जनरेटर धडधडत असतो, त्याच्या आसपास आपलीच मुले खेळतात. मंडपाच्या समितीने आरतीच्या वेळा ठरवतो तशी एकदा त्याच्या जाळीकडेही नजर टाकावी, ही कार्यकर्त्यांना विनंती.

नव्या गाड्यांत पट्टा आपोआप ताणणारी यंत्रणा असते. अंगठ्याचे काम कमी होत चालले आहे, आणि त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. पण खेडोपाडी हजारो जुने ट्रॅक्टर अजून राबत आहेत. त्यांना कॉम्प्युटर नको, जाणता अंगठा हवा. किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेतले कामगार, जमालपूरचे फिटर, मोहालीचे मिस्त्री, आणि थ्रेशरवर हात गमावलेले ते अनाम मजूर, या सगळ्यांनी मिळून जे ज्ञान जमवले ते एवढेच आहे : ना सैल, ना अति घट्ट, आणि हात लावण्याआधी यंत्र बंद.

विघ्नहर्ता सर्वांचे हात सलामत ठेवो. गणपती बाप्पा मोरया!